चकली का नको?

गेल्या वर्षी पाडव्याच्या संध्याकाळी एका स्नेह्यांकडे फराळाला गेलो होतो. घर नेहमीचेच, ताटही नेहमीचेच. आग्रह तर विचारूच नका. यजमान सर्वांच्या ताटात चकल्या वाढीत होते, पण स्वतः मात्र रव्याच्या लाडवाखेरीज कशालाही हात लावीत नव्हते. वहिनी लटक्या रागाने म्हणाल्या, "बघा हो डॉक्टर, यंदा ह्यांना माझी चकली चालेनाशी झाली आहे. चिवडा तर डोळ्यांसमोरही नको!"

"अहो, टोचते," यजमान हसून म्हणाले. "आणि तिखट भारी झोंबतं. वय झालं आता!"

मंडळी हसली. मला मात्र हसू आले नाही. अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसाला चकली टोचू लागते ती वयामुळे नव्हे. मी सहज विचारल्यासारखे करून विचारले, "कधीपासून?"

"गणपतीत जेवताना गाल चावला असावा. तेव्हापासून थोडं आहे. मलम लावतोय."

गणपती ते दिवाळी म्हणजे दोन महिने. चावलेला गाल आठ-दहा दिवसांत भरून येतो. मी त्यांना गॅलरीत नेले, मोबाइलचा दिवा लावला आणि तोंड उघडायला सांगितले. डाव्या गालाच्या आत, मागच्या दाढांजवळ, रुपयाएवढा पांढरा चट्टा होता. त्याच्या मध्यावर लाल, खरबरीत जखम. बोट लावून पाहिले तर कड टणक.

"तंबाखू?"

"छे! कॉलेजात खात होतो, सोडून वीस वर्षं झाली. सिगारेट फक्त शनिवारी, पेल्याबरोबर."

"आणि पेला?"

"तो तर काय, सगळेच घेतात! दोन-तीन पेग, तेही शनिवार-रविवार. चांगल्या प्रतीची असते हो, डॉक्टर."

वाचकहो, या शेवटच्या वाक्यासाठीच आजचा लेख लिहायला बसलो आहे. दारूने यकृत बिघडते हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो हेही आता घरोघरी माहीत झाले आहे. पुडीवरचे चित्रच ते ओरडून सांगते. परंतु दारू आणि तोंडाचा कर्करोग यांचे नाते सांगितले, की सुशिक्षित माणूसही "असं होय?" म्हणून भुवया उंचावतो. बाटलीवर मद्यपान आरोग्यास हानिकारक असल्याची सूचना असते खरी, पण तिच्यात कर्करोगाचा उच्चार नसतो.

वास्तविक ही गोष्ट नवी नाही. फ्रान्समधील लियाँ येथे जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग-संशोधनाची संस्था आहे. तिने १९८८ सालीच मद्ययुक्त पेयांना पहिल्या गटात घातले. माणसाला कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा ज्या पदार्थांविषयी मिळाला आहे, त्यांचा हा गट. तंबाखूही त्याच गटात आहे आणि सुपारीही. गट एक म्हणजे धोक्याचे प्रमाण एकच असे नव्हे. पुरावा तितकाच पक्का, एवढाच त्याचा अर्थ.

आता हे घडते कसे, ते थोडक्यात पाहू. दारूतील मद्यार्काचे शरीरात प्रथम असिटाल्डिहाइड नावाच्या द्रव्यात रूपांतर होते. हे द्रव्य मोठे खट्याळ. पेशीच्या पोटात वाढीचा जो आराखडा असतो, त्याचीच ते मोडतोड करते. हे काम केवळ यकृतात चालते असे नव्हे. आपल्या तोंडात जे असंख्य सूक्ष्म जंतू असतात, तेही मद्यार्कापासून हेच विष बनवतात. दात अस्वच्छ असले, तर ते अधिकच बनते. म्हणजे घोट गिळून टाकला तरी त्याचा उपद्रव तोंडात मागे राहतो.

दुसरी गोष्ट याहून वाईट. गालाच्या आतले अस्तर म्हणजे घट्ट विणीचे कापड समजा. मद्यार्क ती वीण सैल करतो. मग तंबाखूतली किंवा धुरातली विषे एरवी जितकी आत शिरली असती, त्याहून अधिक सहजतेने शिरतात. "सिगारेट फक्त पेल्याबरोबर" असे जो अभिमानाने सांगतो, त्याने चोराला रात्रीचे बोलावून वर कडीही काढून ठेवलेली असते! अमेरिकेत १९८८ साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. रोज दोन पाकिटे वा अधिक सिगारेटी ओढणाऱ्या आणि चारांहून अधिक पेले रिचवणाऱ्या माणसांना तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचा धोका, दोन्हींपासून दूर असलेल्यांच्या पस्तीसपटींहून अधिक आढळला.

"ते अमेरिकेचं झालं," असे कोणी म्हणेल. तर मग आपल्या घरचे ऐका. टाटा स्मारक केंद्राच्या संशोधकांनी केलेला एक अभ्यास डिसेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. गालाच्या आतील कर्करोगाचे १,८०३ रुग्ण आणि हा रोग नसलेली १,९०३ माणसे यांची त्यात तुलना आहे. मद्य घेणाऱ्यांत हा धोका न घेणाऱ्यांपेक्षा सुमारे ६८ टक्क्यांनी अधिक निघाला. दिवसाला अवघे ९ ग्रॅम मद्यार्क घेणाऱ्यांतही तो सुमारे दीडपट होता. आपल्या देशातील या कर्करोगाच्या दर शंभर रुग्णांपैकी सुमारे ६२ जणांच्या मागे मद्य आणि चघळायची तंबाखू यांची जोडी असावी, असा या संशोधकांचा अंदाज आहे.

९ ग्रॅम म्हणजे किती? व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या एका लहान पेगात सुमारे १० ग्रॅम मद्यार्क असतो. ६५० मिलिलिटरच्या साध्या बिअरच्या बाटलीत २५ ग्रॅम. तेव्हा "मी फक्त बिअर घेतो" म्हणणाऱ्याने हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. आणि चांगली प्रत? गावठी दारूचा धोका या अभ्यासात अधिक दिसला हे खरे. पण विलायती नावाच्या दारूचाही दिसलाच. मद्यार्क उंची बाटलीत भरला म्हणून त्याची जात बदलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने तर २०२३ च्या जानेवारीत स्पष्टच सांगितले, की मद्याची कोणतीही मात्रा निर्धोक म्हणता येत नाही.

मी येथे नीतीचा उपदेश करायला बसलेलो नाही. पण २०२२ या एका वर्षात भारतात ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण झाले आणि जवळजवळ ८० हजार माणसे त्याने दगावली, असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. यातले दुःख असे, की हा रोग पोटात किंवा मेंदूत दडून बसत नाही. तो आरशात दिसतो! केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून एक प्रयोग झाला. प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी उजेडात लोकांची तोंडे तपासली. २००५ साली त्याचे फलित जाहीर झाले: तंबाखू किंवा मद्य घेणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू तपासणीमुळे सुमारे एक-तृतीयांशाने घटले. साधन काय? उजेड आणि डोळे.

म्हणून गृहिणींना आणि गृहस्थांनाही माझे सांगणे आहे. महिन्यातून एकदा दात घासून झाल्यावर चांगल्या उजेडात आरशासमोर उभे राहावे. दोन्ही गाल, हिरड्या, जिभेच्या कडा आणि जिभेखालची जागा पाहावी. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तिखट सोसेनासे होणे, कारण नसताना हलणारा दात, गळ्यावर गाठ, यांपैकी काहीही आढळले तर मलमांत दिवस घालवू नयेत. आपली तीन बोटे उभी करून तोंडात घालून पाहावीत. तेवढेही तोंड उघडत नसेल तर दंतवैद्याकडे जावे. संशय आला तर तो छोटासा तुकडा काढून तपासायला पाठवतो. तुकडा काढल्याने रोग पसरतो, ही निव्वळ खुळी समजूत आहे.

आणि पेला? तो खाली ठेवल्याने तोंडाच्या कर्करोगाचा धोका कमी होतो, याला आता पुरेसा पुरावा आहे. मात्र फरक वर्षानुवर्षांनी पडतो; म्हणून आरंभ लवकर करावा. जो रोज भरपूर पितो त्याने एकाएकी सोडू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी, नाहीतर जिवावर बेतू शकते.

आमच्या स्नेह्यांचे काय झाले, हे तुम्ही विचारणारच. तुकड्याची तपासणी झाली. शंका खरी ठरली. पण गाठ लहान होती आणि गळ्यापर्यंत पोहोचली नव्हती. महिन्याच्या आत शस्त्रक्रिया झाली. डाव्या गालाला थोडी ओढ राहिली आहे, 'प' आणि 'ब' उच्चारताना किंचित अडखळतात, पण कामावर नियमित जातात. शनिवारचा पेला आणि त्याच्यासोबतची सिगारेट, दोन्ही गेली.

परवा वहिनींचा फोन आला होता. भाजणी दळून आणली आहे म्हणाल्या. यंदा चकलीत लोणी थोडे जास्त घालणार आहेत. ह्यांना खुसखुशीत लागते. "आणि डॉक्टर, पाडव्याला याल तेव्हा दिवा घेऊनच या. सगळ्यांचीच तोंडं बघून टाका!"

मी जाणार आहे. तुमच्याकडेही यंदा कोणी चकलीला नको म्हणाले, तर त्याला हसण्याआधी "कधीपासून?" एवढे विचाराल ना?