मधुमेह, काळजी आणि कमरेचा घेर



घरात मधुमेहाचा रोगी असला की एक तक्रार हमखास ऐकू येते. "गोड सोडलं, भात कमी केला, गोळी वेळेवर घेतो. तरी पाऊस लांबला, नाहीतर सोसायटीच्या हप्त्याची तारीख जवळ आली, की साखर चढतेच." घरच्यांना वाटते, हा चोरून गोड खात असणार. पण नेहमी तसे नसते. काळजीनेही साखर चढते. आणि वाढलेल्या वजनाचा या काळजीच्या रसायनाशी जवळचा संबंध आहे. तो काय, ते आज पाहू.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारखी एकेक लहानशी ग्रंथी असते. तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. तिच्यातून कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक, म्हणजे हार्मोन, रक्तात येते. या ग्रंथीतील संप्रेरकांच्या संशोधनाबद्दल केंडाल, राइखस्टाइन आणि हेंच या तिघांना १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले. कॉर्टिसॉल हे काही विष नव्हे. त्याच्यावाचून माणूस जगणार नाही. आजार, जखम, उपासमार, भीती अशा प्रसंगी शरीराला इंधन लागते. तेव्हा कॉर्टिसॉल यकृताला साखर तयार करून रक्तात सोडायला लावते आणि इन्सुलिनचा जोर कमी करते. संकट चार घटकांचे असेल तर हे सोयीचेच आहे. पण काळजी महिनोन् महिने चालली, तर मधुमेही माणसाची साखर उतरायला तयार होत नाही.

कॉर्टिसॉल पहाटे वाढते आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते. रात्री काही न खाताही सकाळची साखर जास्त का येते, याचे हे एक कारण आहे. पंपाची वीज रात्रीची असली, की पाणी धरायला जागावे लागते. रोजच्या जागरणाने हे चक्र बिघडते, हेही लक्षात ठेवा.

आता वजनाकडे वळू. लठ्ठ माणसाचे रक्त तपासले तर कॉर्टिसॉल बहुधा फार वाढलेले दिसत नाही. मग बिघडते कुठे? विहिरीचे उदाहरण घ्या. दोन विहिरींत पाण्याची पातळी सारखीच आहे. पण एकीचा झरा मंद आणि उपसा बेताचा, तर दुसरीचा झरा जोराचा आणि मोटारही सारखी चालू. वरून पाहणाऱ्याला फरक कळत नाही. लठ्ठ शरीरात कॉर्टिसॉलचे असेच होते. ते जास्त तयार होते आणि जास्त मोडलेही जाते. मोडलेला भाग लघवीवाटे जातो, म्हणून लघवीच्या तपासणीत ही उलाढाल दिसते.

दुसरी गोष्ट चरबीची. कॉर्टिसॉलचे काम झाले की मूत्रपिंडात त्याचे कॉर्टिसोन होते. ते निकामी असते. पण यकृतात आणि चरबीत एक विकर असते, ते या कॉर्टिसोनला पुन्हा कामाचे कॉर्टिसॉल बनवते. लठ्ठ माणसाच्या चरबीत हे काम वाढलेले आढळते. म्हणजे पोटावरची चरबी हे नुसते साठवणीचे कोठार नसून तो एक चालता कारखाना आहे. लठ्ठपणात यकृत मात्र आपल्याकडचे हे काम कमी करते, जणू ब्रेक लावते. एडिंबरो येथील संशोधकांनी २०११ साली दाखवले, की मधुमेह असलेल्या लठ्ठ पुरुषांत हा ब्रेक लागलेला नसतो. यकृतही कॉर्टिसॉल बनवत राहते आणि चरबीही.

वजन उतरल्यावर काय होते? कॉर्टिसॉलची ही एकूण उलाढाल कमी झालेली आढळते. झराही मंदावतो आणि उपसाही. प्रत्येकात हा फरक सारखा पडतो असे नाही, आणि वजन उतरण्याचा सगळा फायदा कॉर्टिसॉलमुळेच होतो असेही नाही. मोठा फायदा यकृतातली आणि स्वादुपिंडातली चरबी हटल्याने होतो. ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत मधुमेही लोकांचे वजन डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवले. वर्षअखेर त्यांच्यापैकी ४६ टक्के लोकांची साखर औषधाशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली आली. ज्यांचे वजन १५ किलो किंवा अधिक उतरले, त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होते. त्या सर्वांचा मधुमेह सहा वर्षांच्या आतला होता आणि कोणी इन्सुलिनवर नव्हते. म्हणून दुखणे नवे असतानाच हालचाल करावी.

"आम्ही कुठे लठ्ठ आहोत?" असे कोणी म्हणेल. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन यांनी २००४ साली आपले दोघांचेच उदाहरण छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! आपल्याकडची माणसे हातापायांनी काटक दिसतात, पण चरबी पोटात दडलेली असते. म्हणून काट्याबरोबर कंबरही मोजावी. पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या आत आणि स्त्रीची ८० च्या आत असावी. टेप नसेल तर सुतळी घ्या, त्या मापाला गाठ मारा आणि खालची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मधोमध गुंडाळून पाहा.

आता करायचे काय? उपाशी राहू नका. कडक उपासाने कॉर्टिसॉल उलट वाढते. वजन हळूहळू उतरवा. ८० किलोच्या माणसाने चार ते सहा किलो कमी केले तरी साखरेत फरक दिसतो. सुरुवात चहापासून करा. दिवसाला पाच कप आणि कपाला दोन चमचे, म्हणजे रोज सुमारे ५० ग्रॅम साखर. महिन्याची दीड किलो झाली! ताटात भाकरी एक कमी, पालेभाजी, उसळ आणि ताक जास्त ठेवा. घरातल्या बाईनेही सर्वांचे उरलेले संपवण्याची सवय सोडावी. ट्रॅक्टर आणि मोटारसायकल आल्यापासून आपले चालणे कमी झाले आहे. शेत जवळ असेल तर पायी जा. आणि हिशेबाची काळजी एकट्याने उशाला घेऊन झोपू नका, घरात बोला.

तीन गोष्टी मात्र नीट लक्षात ठेवा.

पहिली, साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर खाणे कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगा. खाणे कमी आणि औषध तेवढेच राहिले तर साखर एकदम खाली जाते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्या. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा घ्या. रोगी बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, तडक दवाखाना गाठा. औषध मनाने बंद करू नका.

दुसरी, प्रयत्न न करता वजन झरझर उतरत असेल तर आनंद मानू नका. साखर फार वाढली असेल किंवा क्षय असेल. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्त आणि थुंकी तपासून घ्या.

तिसरी, सांधेदुखीवर किंवा दम्यावर कोणी 'हमखास' गोळी, पुडी वा इंजेक्शन देत असेल तर त्यात स्टिरॉइड आहे का, हे विचारा. स्टिरॉइड म्हणजे कॉर्टिसॉलचाच बाहेरून आणलेला भाऊबंद. दोन दिवसांत दुखणे थांबते, भूक वाढते, चेहरा गोल होतो आणि साखर भडकते. अशी गोळी बरेच दिवस घेतली असेल तर एकदम तोडूही नका. आपली ग्रंथी तोवर झोपी गेलेली असते, एकदम बंद केल्यास जिवावर बेतते. डॉक्टरांच्या सल्ल्याने ती हळूहळू कमी करावी लागते. डॉक्टरांनी गरजेपुरते लिहून दिलेले स्टिरॉइड मात्र जरूर घ्यावे, आणि मधुमेह असल्याचे त्यांना आधी सांगावे.

आज रात्री जेवणाआधी घरातल्या सर्वांनी ती सुतळी एकदा कमरेला लावून पाहा. गाठ पुरली नाही, तर उद्याच्या चहापासून सुरुवात करा.