पिवळे हेडलाइट : गावाला निघण्याआधीचा एक रविवार

सुरतहून गावाला जायचं म्हणजे रात्रीच निघायचं, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता. आखाजी असो, दिवाळी असो की चुलतभावाचं लग्न. ड्युटी संपवायची, जेवण उरकायचं आणि दहाच्या सुमारास गाडी उधन्यातून नाहीतर डिंडोलीतून बाहेर काढायची. बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर, विसरवाडी, मग कोंडाईबारीचा घाट, दहिवेल, साक्री आणि उजाडायच्या आत धुळे. आमच्या लहानपणी हा प्रवास ताप्ती व्हॅलीच्या रेल्वेने नाहीतर एसटीने व्हायचा. आता बऱ्याच घरांच्या दारात स्वतःची गाडी आहे. पुष्कळदा ती सेकंडहँड असते, आठ-दहा वर्षं चाललेली.

अशी गाडी घेताना आपली तरुण मंडळी इंजिन ऐकतात, टायर बघतात, एसी लावून बघतात. हेडलाइट मात्र लागतो की नाही, एवढंच पाहिलं जातं. पुढची काच पिवळी, धुरकट, साय धरल्यासारखी झाली असेल तर "जरा जुनी दिसते" म्हणून सोडून देतात. या महिन्यात मला सांगायचंय ते एवढंच, की हा प्रश्न दिसण्याचा नाही, बघण्याचा आहे. आणि तो घरच्या घरी, एका रविवारात बऱ्यापैकी सोडवता येतो; फक्त शेवटची पायरी गाळायची नाही.

आधी थोडा हिशेब. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशन या वाहनचालकांच्या संस्थेने 2018 साली जुन्या, पिवळ्या पडलेल्या हेडलाइटचा प्रकाश मोजला. नव्या हेडलाइटच्या तुलनेत तो जेमतेम 20 टक्के भरला. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो, हे आपण शाळेत शिकलो. म्हणजे प्रकाश पाचव्या हिश्श्यावर आला, तर जी वस्तू पूर्वी 60 मीटरवर दिसायची ती आता साधारण 27 मीटरवर आल्यावर तितकी स्पष्ट दिसेल. गाडी ताशी 60 किलोमीटरने चालली असेल तर सेकंदाला सुमारे 17 मीटर जाते. समोर काही दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरा. तेवढ्यात 25 मीटर संपले. उरले दोन मीटर, आणि ब्रेक तर आत्ता कुठे लागतोय.

आपल्या रस्त्यावर समोर काय असतं तेही आठवा. थंडीत बारडोली-व्याऱ्याकडे ऊस भरलेल्या ट्रॉल्या, ज्यांना मागे लाल दिवा असेलच असं नाही. घाटात बंद पडलेला ट्रक, मागे दोन दगड ठेवलेला. चैत्रात सप्तशृंगीच्या गडाकडे पायी निघालेले भाविक ऊन टाळायला रात्री आणि पहाटे चालतात. 2022 या एका वर्षात देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली, असं सरकारी अहवाल सांगतो. आणि सर्वांत जास्त अपघात होतात ते संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात.

आता ही काच पिवळी का पडते ते बघू. खरं तर ती काच नाहीच. अॅम्बेसेडरला, पद्मिनीला, जुन्या मारुती 800 ला खरी काच होती. दगड लागला की तडकायची, पण शेवटपर्यंत पांढरी राहायची. आताच्या गाड्यांना असतं ते पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक. 1953 साली जर्मनीत बायर कंपनीच्या हर्मन श्नेल यांनी ते तयार केलं आणि त्याच सुमारास अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या डॅनियल फॉक्स यांनीही. हलकं, सहजासहजी न फुटणारं आणि हव्या त्या आकारात ओतता येणारं. सीडी याचीच, पाण्याचे वीस लिटरचे जारही पुष्कळदा याचेच. अमेरिकेत 1983 साली नियम बदलल्यावर 1984 च्या मॉडेलपासून असे हेडलाइट गाड्यांना आले आणि पुढे सगळीकडे पसरले.

या प्लास्टिकला एक गोष्ट सोसत नाही : सूर्याचे अतिनील किरण. त्यांनी त्याच्या रेणूंची साखळी तुटते, हवेतला ऑक्सिजन तिथे चिकटतो आणि पृष्ठभाग पिवळा पडतो. म्हणून कारखान्यातच त्यावर एक पातळ, कडक, पारदर्शक परत चढवलेली असते. ऊन, धूळ, कोरड्या फडक्याने पुसणं यांनी वर्षानुवर्षं ही परत झिजते, तडकते, पापुद्रे सुटतात. मग आतलं प्लास्टिक उघडं पडतं. तुमची गाडी रोज एकाच जागी उघड्यावर उभी राहत असेल, तर दोन्ही हेडलाइट नीट बघा. ज्या बाजूला ऊन जास्त लागतं तो जास्त पिवळा असतो.

अशा काचेतून प्रकाश कमी बाहेर पडतो, आणि पडतो तोही विखरून. म्हणजे रस्त्यावर पडायचा प्रकाश समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. त्यामुळे "उजेड कमी पडतो" म्हणून जास्त वॅटचा बल्ब नाहीतर बाजारातला झगझगीत एलईडी टाकणं हा उपाय नाही. काच तशीच ठेवून बल्ब वाढवला, की समोरच्याला आंधळं करण्याची ताकद तेवढी वाढते. आणि जास्त वॅटच्या बल्बची उष्णता त्याच प्लास्टिकला आणि वायरिंगला सोसावी लागते.

काम सुरू करण्याआधी एक साधी परीक्षा करा. हेडलाइटवर पाणी मारा. ओला असताना तो जरा पारदर्शक दिसला आणि वाळल्यावर पुन्हा धुरकट झाला, तर बिघाड बाहेरच्या पृष्ठभागावर आहे आणि तो घासून जाईल. ओलं करूनही काही फरक नाही, आत बाष्प साचतंय, आतली चकाकती वाटी काळवंडली आहे किंवा प्लास्टिकला आरपार तडा आहे, तर घासण्यात वेळ घालवू नका. तिथे हेडलाइट बदलणंच योग्य.

सामान सगळं आपल्या गल्लीतल्या हार्डवेअर आणि रंगाच्या दुकानात मिळतं. दुकानात नुसता "काचपेपर" मागू नका, नाहीतर लाकडावर घासायचा मिळेल. "वॉटर पेपर" मागा : 800, 1000, 1500, 2000 आणि मिळाला तर 3000 नंबरचा. त्याशिवाय मास्किंग टेप, रबिंग कंपाउंड, मऊ मायक्रोफायबरची दोन-तीन फडकी, पाण्याची फवारणीची बाटली आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. शिवाय हेडलाइटसाठीचं अतिनील-रोधक कोटिंग. ते आधी हातात आल्याशिवाय घासायला सुरुवात करायची नाही.

गाडी सावलीत लावा, दिवे बंद आणि थंड असू द्या. हेडलाइट शाम्पूच्या पाण्याने धुऊन घ्या. भोवतीच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन थर लावा, कारण पेपर जरासा घसरला तरी बॉनेटच्या रंगावर ओरखडा उठतो.

आता पेपर पाण्यात पाचेक मिनिटं भिजवा. पापुद्रे सुटलेले असतील तर 800 पासून, नाहीतर 1000 पासून सुरुवात. हलक्या हाताने, सतत पाणी मारत, एकाच दिशेने आडवं घासा. सुरुवातीला पिवळट, दुधासारखं पाणी निघेल. ती जुनी परत आणि खराब झालेलं प्लास्टिक. पाणी पांढरं निघू लागलं आणि पापुद्र्यांच्या कडा दिसेनाशा झाल्या, की पुसून पुढचा नंबर घ्या आणि आता उभं घासा. आधीच्या आडव्या रेघा पूर्ण गेल्या, की त्या पेपरचं काम संपलं. मग त्यापुढचा नंबर, पुन्हा आडवा. असं 2000 किंवा 3000 पर्यंत.

सुरतमध्ये राहून हे वेगळं समजावायला नको. वराछा-कतारगामच्या कारखान्यांत हिरा घासणाऱ्याला विचारा. आधीचा ओरखडा पुढच्या बारीक पावडरीने काढायचा, हाच त्या धंद्याचा पाया आहे. मधला नंबर गाळून घाई केली, की तो ओरखडा शेवटपर्यंत राहतो आणि रात्री दिवा लावल्यावर तोच आधी दिसतो.

या टप्प्यावर हेडलाइट दुधी काचेसारखा दिसेल. पहिल्यांदा करणारा इथे हमखास घाबरतो. घाबरू नका, सगळीकडे सारखं दुधी दिसलं म्हणजे काम बरोबर झालं. आता पुसून कोरडं करा आणि रबिंग कंपाउंड लावून फडक्याने गोल गोल चोळा. घरात ड्रिल असेल तर त्याला फोमचं पॅड लावता येतं, पण गती कमी ठेवा आणि एका जागी थांबू नका. प्लास्टिक तापून खराब होतं. दहा-पंधरा मिनिटांत आतला बल्ब स्वच्छ दिसायला लागतो.

नेमक्या इथे बहुतेक जण थांबतात. रस्त्याकडेला मशीन घेऊन "पाच मिनिटांत नवा" करून देणारे आणि काही कार वॉशवालेही इथेच थांबतात. गेल्या काही वर्षांत शेजारीपाजारी आणि नातेवाईक मिळून बऱ्याच गाड्यांचं हे काम मी केलंय, आणि त्यांतल्या कितीतरी आधी अशाच चकचकीत करून आणलेल्या होत्या. काही महिन्यांत पुन्हा पिवळ्या, काही तर पहिल्यापेक्षा जास्त. कारण उघड आहे. घासताना कारखान्याची उरलीसुरली परतही आपण काढून टाकली. आता प्लास्टिक पूर्ण उघडं आहे. एप्रिल-मेचं ऊन त्याला किती दिवस टिकू देईल?

म्हणून कोटिंग. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कंपाउंडचा तेलकटपणा घालवा, बोट न लावता वाळू द्या, आणि हेडलाइटसाठीचं पुसून लावायचं कोटिंग एकाच दिशेने, पातळ थरात लावा. डब्यावर लिहिलेला वेळ पाळा. तोवर पाणी आणि धूळ लागू देऊ नका. पावसाळ्यातल्या दमट हवेत हे काम टाळा. हिवाळ्यातली किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीची कोरडी सकाळ उत्तम. कोटिंग नीट बसलं तर वर्ष-दोन वर्षं बघायला नको. त्याऐवजी पारदर्शक संरक्षक फिल्मही लावून घेता येते. नुसतं मेण चोळलं तर ते फार तर काही आठवडे टिकतं.

हार्डनर मिसळून मारायचा स्प्रे जास्त टिकतो, पण त्याच्या वाफेत आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसांना घातक. साधा कापडी मास्क त्याला पुरत नाही. इमारतीच्या बंद पार्किंगमध्ये, मुलं खेळत असताना तो अजिबात नको. ते काम रंगाच्या गॅरेजवाल्याकडून करून घ्या.

मोबाइलवर फिरणाऱ्या नुस्ख्यांबद्दलही विचारणा होते. टूथपेस्टमध्ये बारीक घासणारी पूड असते, त्यामुळे हलका धुरकटपणा जातो, पण खोल पिवळेपणा जात नाही आणि संरक्षण शून्य. डास मारायचा स्प्रे, पेट्रोल, थिनर यांनी क्षणभर लखलखाट होतो, कारण ते वरचा थर विरघळवतात. नंतर प्लास्टिकमध्ये केसासारख्या बारीक भेगा पडतात, आणि त्या कशानेच जात नाहीत.

काम झाल्यावर गाडी रात्री भिंतीसमोर उभी करून लो बीम लावा. आपल्याकडच्या गाड्यांना प्रकाशाची वरची कड उजवीकडे सपाट आणि डावीकडे किंचित वर चढलेली दिसायला हवी. ती धारदार दिसली म्हणजे प्रकाश विखुरत नाही. गावाला जाताना मागे तिघं आणि डिकीत सामान असलं, की गाडीचं नाक वर होतं. अशा वेळी स्टिअरिंगजवळचा हेडलाइटचा छोटा डायल शून्यावरून एक-दोनवर न्या, म्हणजे बीम खाली येतो. तो डायल कशासाठी आहे हे पुष्कळांना ठाऊकच नसतं.

घरच्या कामाने हेडलाइट नवा होत नाही, हेही सांगायला हवं. वर उल्लेख केलेल्या 2018 च्या चाचणीत घासून दुरुस्त केलेले हेडलाइट नव्याच्या सुमारे 70 टक्क्यांपर्यंत पोहोचले. आपल्या मघाच्या हिशेबात मांडा : 27 मीटरचे 50 मीटर झाले. 60 च्या वेगाला पाय ब्रेकवर पडल्यावरही हातात 25 मीटर उरतात. कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरला थांबायला तेवढे पुरतात.

मंडळाच्या तरुण मुलामुलींना एक सुचवतो. आखाजीच्या आधीच्या एखाद्या रविवारी सोसायटीतल्या चार-पाच गाड्या एकत्र घ्या. वॉटर पेपर आणि कंपाउंड वाटून खर्च थोडका येतो, एकाला जमलं की बाकीचे बघून शिकतात. आणि ज्या काकांची गाडी सगळ्यांत जुनी आहे, जे रात्री एकटेच गावाला ये-जा करतात, त्यांच्या गाडीपासून सुरुवात करा.