नौकेवरचा संसार आणि समीक्षेतला एकांडा वीर

संसाराला सागर म्हणावे आणि पैलतीरी नेणाऱ्या नौकेची याचना करावी, ही आपल्या भक्तिपरंपरेची जुनी रीत. या रूपकात संसार म्हणजे बुडवणारे पाणी आणि नौका म्हणजे त्यातून सुटका. विसाव्या शतकात काही पाश्चात्त्य जोडप्यांनी हे रूपकच उलटे केले. त्यांनी संसार शिडाच्या लहानशा नौकेवर चढवला आणि वर्षानुवर्षे समुद्रावर काढली. त्यांच्या पुस्तकांकडे मात्र आजही ‘सुटकेची कथा’ म्हणूनच पाहिले जाते. हे वाचन आळशी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या आळसाचे मूळ एका साच्यात आहे. जोशुआ स्लोकम १८९५ ते १८९८ या काळात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आला आणि सागरी प्रवासवर्णनाचा नायक ठरून गेला : एक माणूस, अथांग पाणी, अंतर्मुख चिंतन. आपल्याकडे दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ‘म्हादेई’वरून केलेल्या एकल प्रदक्षिणेचे मोल कोण नाकारील? प्रश्न त्या पराक्रमाचा नाही. एकट्यासाठी घडलेला साचा दोघांच्या नौकेवर बसवला की काय गळून पडते, हा आहे. गळून पडते ते दुसरे माणूस.

एरिक आणि सूझन हिस्कॉक यांनी ‘वाँडरर थ्री’ या तीस फुटी नौकेतून १९५२ ते १९५५ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा केली. पुस्तकावर नाव एरिकचे. त्याची दृष्टी अतिशय अधू होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या नौकेवर सूझनचे स्थान काय असेल ते कळते. तिला ‘सोबतीण’ म्हणून एका वाक्यात निकालात काढणाऱ्याने आपण नेमके काय वाचले, हे स्वतःलाच विचारावे.

माइल्स आणि बेरिल स्मीटन यांची गोष्ट याहून बोलकी आहे. माइल्स हा हिंदुस्थानी फौजेतला माजी अधिकारी. फेब्रुवारी १९५७ मध्ये केप हॉर्नच्या वाटेवर त्यांची ‘त्झू हांग’ एका प्रचंड लाटेने उलटीपालटी झाली. सुकाणूवर बेरिल होती. ती समुद्रात फेकली गेली. डोलकाठ्या मोडल्या, आत पाणी भरले. जखमी अवस्थेत वर ओढून घेतलेली ही बाई पुरुषांच्या बरोबरीने बादलीने पाणी उपसू लागली. सोबतचा जॉन गझवेल सुतारकामात निष्णात होता, म्हणून नौका सावरली आणि चिलीच्या किनाऱ्याला लागली. १९५९ साली आलेल्या आपल्या पुस्तकात माइल्सने पत्नीचे धैर्य झाकलेले नाही. लेखकाने जे दाखवले, ते वाचकाने पाहू नये याला काय म्हणावे?

लिन आणि लॅरी पार्डी यांच्या चोवीस फुटी ‘सेराफिन’ला तर इंजिनही नव्हते. लॅरी सुतारकाम करी, लिन लिही. नौकेचा खर्च या दोन्ही हातांनी चालवला. म्हणजे लेखन हेही तिथले एक पोटापाण्याचे कामच होते. लिनने १९८० साली एक अख्खे पुस्तक लिहिले ते नौकेवरचे अन्न, साठवण आणि माणसांची निगा यांवर. ‘यात साहित्य ते काय?’ असे विचारणाऱ्यांना आमचा प्रतिप्रश्न आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे मराठी समीक्षेला स्वयंपाकघर, कर्ज, बिऱ्हाड यांत वाङ्मय दिसू लागले ना? मग ती दृष्टी किनाऱ्यापाशीच का थांबते?

स्वतःच्या नौकेतून जगभर फिरणे हे मूठभरांनाच साधते, त्यामागे पैसा असतो आणि बंदरोबंदरी चालणारे पारपत्रही असते, हा आक्षेप खरा आहे. पण श्रम दिसले तरच हा आक्षेप नीट मांडता येतो. ‘मुक्ती’चे गोडवे गाणारे वाचन श्रमही झाकते आणि सवलतही.

शिवाय एकांताची कल्पनाही इथे नव्याने तपासावी लागते. दोघांच्या नौकेवर पाळीपाळीने पहारा द्यावा लागतो. एक जागा असेल तरच दुसऱ्याला झोप लागणार. महासागरावर एकत्र राहणारी ही माणसे कित्येक दिवस मुख्यतः पाळी बदलतानाच भेटतात. विश्वासाचे इतके रोकडे रूप प्रेमकवितेतही क्वचितच सापडते. तेव्हा परीक्षेत ‘लेखकाचे समुद्राशी असलेले नाते विशद करा’ हा ठरीव प्रश्न आता पुरे झाला. यापुढे विद्यार्थ्यांना विचारावे : लेखक झोपला होता, तेव्हा सुकाणू कोणाच्या हाती होते?