जॉइंटवर पाणी ओतू नका

मागच्या उन्हाळ्यात नांदेडहून लातूरला जाताना रस्त्याकडेला पाणी योजनेच्या काळ्या एचडीपीई पाईपचं वेल्डिंग चालू दिसलं, म्हणून थांबलो. दोनशे अंशांच्या वर तापलेल्या प्लेटवर दोन्ही तोंडं वितळवली, एकमेकांवर दाबली आणि मिनिटभरात एकाने बाटलीतलं पाणी जॉइंटवर ओतलं. "ऊन लई आहे, लवकर गार व्हायला पाहिजे." जॉइंट दिसायला झकास होता.

घरोघरी नळ देणाऱ्या जल जीवन मिशनची घोषणा 15 ऑगस्ट 2019 ला झाली. 2024 ची मुदत 2025 च्या अर्थसंकल्पात 2028 पर्यंत वाढवली. चर्चा होते ती किती घरांत नळ पोहोचला याची. मला काळजी त्या ओतलेल्या पाण्याची वाटते.

एचडीपीई अर्धस्फटिकी प्लॅस्टिक आहे. त्यातल्या लांब साखळ्या काही जागी घड्या घालून शिस्तीत बसतात, ते स्फटिक; बाकी सगळा गुंता. स्फटिकांमुळे पाईप कडक होतो, गुंत्यामुळे लवचिक राहतो. घड्या किती बसणार हे गार व्हायला मिळालेल्या वेळेवर ठरतं. तूप सावकाश थिजलं की कणीदार होतं, फ्रीजमध्ये ठेवलं की गुळगुळीत. तसंच काहीसं.

मग पटकन गार केलं की कमजोर? इतकं सोपं नाही. पातळ फिल्म मुद्दाम झटकन गार करतात. ती मऊ राहते पण चांगली ताणली जाते. उलट फार सावकाश गार झालेलं प्लॅस्टिक कडक होतं आणि ठिसूळपणाकडे झुकतं. पाईपची खरी अडचण त्याच्या जाडीची आहे. पाणी पडलं की बाहेरचा थर लगेच घट्ट होतो, आत अजून वितळलेलंच असतं. आतलं नंतर थिजताना आकसतं, कारण स्फटिक गुंत्यापेक्षा दाट असतात. बाहेरचं कवच हलत नाही, आणि ताण आतच अडकतो. त्या दिवशी काहीच कळत नाही. पुढे रोज दाब चढतो-उतरतो आणि बारीक चीर हळूहळू वाढत जाते.

कारखान्यात असा ताण काढता येतो: वस्तू वितळबिंदूच्या, म्हणजे सुमारे 130 अंशांच्या, थोडी खाली तापवून ठेवायची आणि सावकाश गार करायची. चरात भट्टी कुठली? तिथे क्लॅम्पमध्ये दाबून, हात न लावता गार होऊ देणं हाच काय तो उपचार. सेंटिमीटरभर जाड पाईपलाही दहा-पंधरा मिनिटं द्यावी लागतात.

पाणी ओतायची सवय पीव्हीसीवरून आली असावी. शेतात आपण त्याचं तोंड जाळावर तापवून सॉकेट करतो आणि पाणी टाकून आकार पक्का करतो. तिथे ते खपतं, कारण पीव्हीसीत स्फटिक जेमतेमच असतात.

एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या फेरीत पाच लाख लिटर. अशा भागात जमिनीखाली गळणारा जॉइंट परवडत नाही. पण बिल मीटरवर निघतं आणि दाबचाचणी आजची गळती पकडते, अडकलेला ताण नाही. प्रत्येक जॉइंटचं तापमान, दाब आणि वेळ नोंदवणारी वेल्डिंग यंत्रं मिळतात. गावच्या पाणीपुरवठा समितीने चर बुजवण्याआधी ती नोंद मागावी. यंत्र साधं असेल तर समितीतल्या कुणीतरी घड्याळ घेऊन चराशी उभं राहावं.