मावशी तर कधी ओढत नव्हती!

माझी मावशी शाळेत शिक्षिका आहे. विडी-सिगारेटला तिने आयुष्यात कधी हात लावलेला नाही. मागच्या वर्षी तिला फुफ्फुसाचा कॅन्सर असल्याचं कळलं आणि भेटायला आलेल्या प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, "पण असं कसं? त्या ओढत तर नव्हत्या ना?" काहींनी हळूच काकांकडेही पाहिलं. खोटं कशाला बोलू, मीसुद्धा आईला फोनवर तेच विचारलं होतं.

मित्रांनो, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, तेव्हा मराठीत काही चुकलं तर सांभाळून घ्या. पण माझं मत स्पष्ट आहे : हा पहिला प्रश्नच चुकीचा आहे.

सिगारेटचा संबंध खोटा आहे असं मी म्हणत नाही. इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० सालीच तो आकडेवारीने दाखवून दिला. आजही तंबाखूचा धूर हेच सर्वांत मोठं कारण आहे. पण चुलीचा धूर, दुसऱ्याच्या सिगारेटचा धूर, प्रदूषित हवा, अ‍ॅस्बेस्टॉस हीसुद्धा कारणं आहेत. आणि कित्येकदा नेमकं कारण सापडतच नाही.

मावशीचा खोकला जाईना म्हणून एक्स-रे काढला. त्यावर डाग दिसला. थुंकीत जंतू सापडले नाहीत, तरी टी.बी.च्या गोळ्या सुरू झाल्या. आपल्याकडे टी.बी. इतका आहे की डॉक्टरांना तसं वाटणं समजू शकतो. पण ती ओढत नाही, म्हणजे कॅन्सर नसणार, असं आम्हीही गृहीत धरलं. यात चार महिने गेले. मग सी.टी. स्कॅन झाला, बायॉप्सी झाली आणि खरं काय ते कळलं. तोपर्यंत चौथी स्टेज.

जे ओढतात त्यांचं उलटं होतं. आमच्या होस्टेलचे वॉचमनकाका महिनाभर खोकत होते, पण दवाखान्यात जाईनात. का? "डॉक्टर आधी विडीवरून झापतील." म्हणजे न ओढणाऱ्याला शंका येत नाही आणि ओढणाऱ्याला लाज वाटते. दोघांचाही उशीरच होतो.

वर्कशॉपमध्ये शाफ्ट तुटला तर आपण आधी तुटलेला भाग नीट बघतो, मग दुरुस्तीचं बोलतो. इथेही तसंच आहे. विचारायचं ते हे : प्रकार कोणता, स्टेज कोणती आणि पेशींमध्ये कोणता जनुकीय बदल आहे?

स्मॉल सेल हा प्रकार झपाट्याने पसरतो. त्याला ऑपरेशन क्वचितच, मुख्यतः केमो आणि रेडिएशन. साधारण ८५ टक्के पेशंटना असतो तो नॉन-स्मॉल सेल. तो लवकर सापडला तर फुफ्फुसाचा तेवढा भाग काढून टाकतात आणि पेशंट पूर्ण बराही होऊ शकतो. थोडा पसरला असेल तर बऱ्याचदा केमो आणि रेडिएशन एकत्र देतात. लांब पसरला असेल तर मुख्य भिस्त औषधांवर. ई.जी.एफ.आर. किंवा ए.एल.के. या जनुकांत बदल सापडला तर नेमकी त्यावरच काम करणारी गोळी मिळते. इम्युनोथेरपीमध्ये कॅन्सरने आपल्या प्रतिकारशक्तीला लावलेला ब्रेक औषधाने काढतात. या शोधाला २०१८ चं नोबेल मिळालं. खर्च मात्र प्रचंड, आणि ती सगळ्यांना लागू पडत नाही.

मावशीच्या तपासणीत ई.जी.एफ.आर. सापडला. ती रोज एक गोळी घेते. अंगावर पुरळ येतं, पण खोकला कमी झालाय आणि ती पुन्हा शाळेत जायला लागली आहे. हा आजार मुळापासून गेलेला नाही, पुढेमागे ही गोळी काम करेनाशी होईल, हे आम्हाला ठाऊक आहे. मग पुढचं औषध शोधायचं. पण चार महिने आधी कळलं असतं तर कदाचित वेगळे पर्याय हातात असते, हे मनातून जात नाही.

म्हणून गच्चीवरच्या मित्रांना (पहिल्या वर्षी मीही तिथे होतो) उपदेश करत नाही, फक्त सरकारच्या मोफत क्विटलाइनचा नंबर देतो : १८००-११-२३५६. आणि सगळ्यांनाच सांगतो, खोकला तीन आठवड्यांवर गेला, थुंकीत रक्त दिसलं, किंवा टी.बी.च्या गोळ्यांनी फरकच पडत नसेल, तर "पुढची तपासणी कोणती?" असं डॉक्टरांना स्वतःहून विचारा. घरच्यांनाही विचारायला लावा.

वॉचमनकाकांना शेवटी आम्ही दोघं-तिघं घेऊन गेलो. छातीत साधं इन्फेक्शन निघालं. डॉक्टर विडीवरून बोललेच, पण काका हसत परत आले.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी