उसवायचं किती?

जुन्या लष्करी ट्रकची सीट उसवली की आधी गंजाचा भुगा मांडीवर सांडतो. मग काथ्या, त्याखाली स्प्रिंगांवर अंथरलेलं गोणपाट. काठाला मात्र सुईच्या भोकांच्या दोन-तीन रांगा दिसतात. ही सीट याआधीही कुणीतरी उसवून पुन्हा शिवली होती.

अशी जुनी सीट नव्याने भरायची की आहे तशी जपायची, या वादाला वडोदऱ्याच्या फतेगंजाइतकी योग्य जागा नाही. इथे लष्कराच्या ईएमई (इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स) कोअरचं स्कूल आहे; १९४३ साली उभ्या राहिलेल्या या कोअरचं कामच मुळी गाड्या चालत्या ठेवणं. आणि शेजारच्याच भागात महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा संग्रहालयशास्त्र विभाग आहे, १९५२ चा, देशातला पहिला. एकाची शिकवण, फाटलं ते बदला, गाडी निघाली पाहिजे. दुसऱ्याची, आहे त्याला उगाच हात लावू नका.

कायदा इथे फारसा आड येत नाही. जुन्या गाड्यांच्या नोंदणीसाठी २०२१ मध्ये केंद्राने केलेले नियम चासी, बॉडी आणि इंजिनातले फेरफार मोजतात. गादीचं त्यांत नाव नाही. मालक हवं तर लाल रेक्झिनही चढवू शकतो. (चढवतातही, वर पांढरी पायपिंग लावून. मिरवणुकीचा रथच जणू.)

‘मूळ तेच ठेवा’ म्हणणाऱ्यांशी माझं मन जुळतं, पण पुरतं नाही. १९५९ पासून जबलपूरला बनलेला शक्तिमान घ्या. असा ट्रक लष्करात असताना त्याच्या गाद्या वर्कशॉपमध्ये लागेल तशा शिवल्या जायच्या. मग मूळ म्हणायचं कशाला, कारखान्यातल्या शिवणीला की वर्कशॉपमधल्या ठिगळाला? मला ठिगळ जास्त बोलकं वाटतं.

उलट बाजूही खोटी नाही. ट्रक चालवायचा तर बसायला हवं. कॅनव्हास पावसाळ्यात ओल धरतं, खालच्या स्प्रिंगा खातं. फोम मऊ लागतो, पण काही वर्षांनी त्याचा चुरा होतो. शिवाय तो जाड भरला की ड्रायव्हर उंच बसतो आणि क्लच दाबताना पाय अवघडतो. वडोदऱ्याच्या उन्हाळ्यात रेक्झिनवर पाठ चिकटते ती वेगळीच. बसायच्या दृष्टीनेही जुना काथ्या नि जाड सुती कापड अजून हरलेलं नाही.

म्हणून दोन्ही सीटांना एकच न्याय लावू नये. ड्रायव्हरची सीट नव्याने भरावी: स्प्रिंगा घासून, लाल ऑक्साइड मारून, काथ्या घालून, जुन्या कव्हरच्याच मापावर कापलेल्या हिरव्या कॅनव्हासने. उतरवलेलं कव्हर फेकू नये. चिठ्ठी लावून सुती पिशवीत ठेवावं. शेजारची सीट आहे तशीच राहू द्यावी, ठिगळांसकट. फार तर उसवलेल्या कडेला चार टाके घालावेत, तेही जुन्याच भोकांतून.