विड्याचा जावई आणि विषुववृत्तावरचा नवा खलाशी

केज तालुक्यातील विडा या गावी धुळवडीच्या दिवशी गावचा जावई गाढवावर बसवून मिरवला जातो, ही गोष्ट आता मराठवाड्याबाहेरही पुष्कळांच्या कानी गेली आहे. निजामी राजवटीत आनंदराव देशमुख यांनी आपल्या जावयाची अशी थट्टा केली आणि तेव्हापासून ही प्रथा पडली, असे गावात सांगतात. सण जवळ आला की नव्या जावयाचा शोध सुरू होतो. सावध जावई आधीच पोबारा करतात. त्यांना हुडकून आणण्यासाठी गावची तरुण पोरे बाहेर पडतात, आणि एकदा सापडला की तो निसटू नये म्हणून त्याच्यावर पहारा बसतो. मग गळ्यात खेटरांची माळ, अंगावर रंग, वाजतगाजत वरात, आणि अखेरीस मारुतीच्या देवळापाशी नवे कपडे व सोन्याची अंगठी. ज्याची धिंड निघते त्याचाच शेवटी मान होतो.

या प्रथेचे एक सख्खे भावंड भर समुद्रात नांदते आहे. केजपासून समुद्र सरळ रेषेत तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर, आणि विषुववृत्त दक्षिणेस दोन हजारांहून अधिक. धनेगावच्या मांजरा धरणाचा जलाशय हाच येथल्या बहुसंख्य मुलांनी पाहिलेला समुद्र. तरीही पहाटे डांबरी सडकेवर धावण्याचा सराव करणाऱ्या, पोलीस भरती हुकली तर सैन्यात आणि सैन्यात जमले नाही तर नौदलात प्रयत्न करणाऱ्या आमच्या मुलामुलींपैकी काहींना उद्या ही रेषा ओलांडावी लागणार आहे. म्हणून तेथे काय घडते हे आपल्या कार्यकर्त्यांनी जाणून घेतले पाहिजे.

जहाज विषुववृत्ताजवळ आले की आदल्या रात्री डेव्ही जोन्स नावाचा सोंगाडी येऊन वर्दी देतो : उद्या सागरराज नेपच्यून जहाजावर पदार्पण करणार आहेत. दुसऱ्या दिवशी दाढीमिशा लावलेला, हाती त्रिशूळ घेतलेला नेपच्यून आपल्या राणीसह येतो. राणी म्हणजे बहुधा लुगडे नेसवलेला एखादा दणकट खलाशी. कप्तान त्यांचे स्वागत करतो आणि घटकाभर जहाजाची सत्ता त्यांच्या स्वाधीन करतो. मग दरबार भरतो. ज्यांनी पूर्वी रेषा ओलांडलेली नाही ते सारे आरोपी. इंग्रजी बोलणाऱ्या खलाशांत त्यांना ‘पॉलिवॉग’, म्हणजे बेडकाचे पिल्लू, म्हणतात, आणि जुने ते ‘शेलबॅक’, पाठीवर कवच चढलेले. आरोप वाचले जातात, खोटा वैद्य कडूजहर गोळी चारतो, खोटा न्हावी तोंडाला काहीबाही फासून लाकडी वस्तऱ्याने हजामत करतो आणि आरोपीला मागच्या मागे पाण्याच्या हौदात ढकलून देतो. तेथे ‘अस्वले’ त्याला गटांगळ्या खाऊ घालायला टपलेली असतात. शेवटी प्रमाणपत्र मिळते, आणि ते पुष्कळजण जन्मभर जपून ठेवतात. ब्रिटिशांकडून जे अनेक रिवाज आपल्या नौदलाकडे आले त्यांतच हा एक. आपल्या युद्धनौकांवर आणि व्यापारी जहाजांवरही तो पाळला जातो. बहुतेक ठिकाणी आज तो निर्मळ करमणुकीच्या स्वरूपात होतो, हे प्रारंभीच नमूद केले पाहिजे.

परंतु या करमणुकीचा पूर्वेतिहास पाहिला की तिच्यातील वर्गभेद लपत नाही. ऑक्टोबर १७६८ मध्ये कप्तान कुक यांचे ‘एंडेव्हर’ जहाज विषुववृत्तावर पोचले, तेव्हा नियम असा होता की दोरीने डोलकाठीच्या आडव्या वाशाला टांगून समुद्रात तीन बुड्या घ्याव्यात, नाही तर ठरावीक दारू देऊन सुटका करून घ्यावी. जहाजावर जोसेफ बँक्स हे धनाढ्य निसर्गशास्त्रज्ञ होते. त्यांनी स्वतःबरोबर आपल्या नोकरांची आणि आपल्या कुत्र्यांचीही ब्रँडी देऊन सुटका केली. होय, यादीत कुत्र्यांचीही नावे होती. खलाशांना मोबदला पडणार होता चार दिवसांच्या दारूच्या शिध्याचा. ज्यांना तो सोडवेना त्यांनी बुडी पत्करली. आणि पोरसवदा खलाशी? त्यांना पर्यायच नव्हता; त्यांना बुडवायचे हे गृहीतच धरलेले होते. सुमारे वीस जणांनी त्या दिवशी बुड्या खाल्ल्या. हे सारे बँक्स यांनी स्वतःच आपल्या रोजनिशीत, कसलाही संकोच न बाळगता, लिहून ठेवले आहे. श्रीमंताचे कुत्रे कोरडे राहिले आणि गरिबाचे पोर भिजले, एवढाच त्याचा अर्थ.

पुढे फेब्रुवारी १८३२ मध्ये ‘बीगल’वर तेवीस वर्षांच्या चार्ल्स डार्विनची पाळी आली. डोळे बांधून, तोंडाला डांबर आणि रंग फासून, लोखंडी पट्टीने ते खरवडून त्याला पाणी भरलेल्या शिडात लोटण्यात आले. हा प्रकार त्याला किळसवाणा वाटला, आणि तरी इतरांच्या मानाने आपण स्वस्तात सुटलो असेही त्याला जाणवले. तो कप्तानाच्या पंगतीला जेवणारा होता. कप्तान फिट्झरॉय यांनी मात्र पुढे आपल्या प्रवासवृत्तान्तात या प्रथेची तरफदारीच केली. ज्यांना बुडवले त्यांची साक्ष वृत्तान्तात कोण घेणार?

नव्याने आत येताना किंमत मोजली पाहिजे, हा न्याय आपल्या किनाऱ्यावरच्या खलाशांनी तर बंदरातच अनुभवला आहे. रत्नागिरीकडचे हजारो कोकणी खलाशी ब्रिटिश आगबोटींवर राबत, आणि मुंबईत घाट सारंग व दलाल यांचे हात ओले केल्याशिवाय त्यांना बोटीवर पाऊल ठेवता येत नसे. व्हिटले आयोगापुढे ही लाचखोरी उघड झाली. भारत सेवक समाजाचे दिनकर देसाई यांनी खलाशांच्या संघटनेचे काम करता करता १९४० साली सागरी कामगारांवर जो ग्रंथ लिहिला त्यातही तिचे वर्णन आहे. केज-धारूरच्या ज्या वाचकांनी मुकादमाची उचल आणि कोयत्याचा करार जवळून पाहिला आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. आज खलाशाकडून नोकरीपोटी पैसे घेण्यास दलालांना कायद्याने बंदी आहे. तरीही ‘बोटीवर लावून देतो’ म्हणून लाखो रुपये उकळणारे भेटतातच.

या समारंभाचे समर्थक एक युक्तिवाद नेहमी पुढे करतात. ते म्हणतात, विषुववृत्तावर सारे समान होतात, अधिकारी असो की खलाशी, पहिल्यांदा येणारा प्रत्येकजण नेपच्यूनसमोर उभा राहतो. १९३६ साली ‘इंडियानापोलिस’ या क्रूझरवरून दक्षिण अमेरिकेस जाताना खुद्द अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनाही या दरबारात सामील व्हावे लागले, हा दाखला देण्यात येतो. दाखला खरा आहे, निष्कर्ष फसवा आहे. अध्यक्षांची थट्टा करणाऱ्यांना ठाऊक होते की दुसऱ्या दिवशी ते पुन्हा अध्यक्षच असणार. पहिल्या नोकरीवर आलेल्या पोराची थट्टा करणाऱ्यांनाही ठाऊक असते की दुसऱ्या दिवशी ते पोर पुन्हा सर्वांत खालच्या पायरीवरच असणार. पहिली थट्टा सत्तेला घटकाभर खाली ओढते, दुसरी जी उतरंड आहे तिच्यावरच शिक्का मारते.

नेमक्या याच कसोटीवर विडा गाव जहाजापेक्षा सरस ठरते, असे आमचे मत आहे. आपल्या समाजात जावई हा दहावा ग्रह. त्याचा मानपान सांभाळता सांभाळता मुलीचा बाप कर्जात बुडतो, हुंड्यापायी शेत गहाण पडते. वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस ज्याच्यापुढे सासरवाडी हात जोडून उभी, त्यालाच एक दिवस गाढवावर बसवायचे, यात लोकांची शहाणी खोड आहे. थट्टा वरच्या दिशेने जाते. (सुनेचे काय, असे कोणी विचारील तर उत्तर कठीण आहे. नव्या घरात तिची परीक्षा एका धुळवडीत संपत नाही आणि शेवटी तिला अंगठीही मिळत नाही.) तथापि, विड्यातील पहाऱ्याचे समर्थन आम्ही करणार नाही. जावयास एकदा सरळ विचारावे. अंगठीकडे पाहून बहुतेक होच म्हणतील; जो नाही म्हणेल त्याला एसटीत बसवून द्यावे. सणाला काही उणे पडणार नाही.

दुसरा युक्तिवाद कणखरपणाचा. अपमान सोसल्याने माणूस टणक होतो, खलाशांत एकजूट निर्माण होते, असे म्हणतात. येथे आपल्या नौदलाचा इतिहासच उत्तर देतो. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’ या तळावर नौसैनिकांनी संप पुकारला तो निकृष्ट अन्नामुळे, गोऱ्यांच्या तुलनेत मिळणाऱ्या तुटपुंज्या पगारामुळे, आणि कमांडर किंग यांच्या वंशद्वेषी शिव्यांमुळेही. पाहता पाहता ठिणगी कराचीपर्यंत गेली, सुमारे वीस हजार नौसैनिक त्यात उतरले, हिंदू-मुसलमान खांद्याला खांदा लावून उभे राहिले. बड्या पुढाऱ्यांनी शरण जाण्याचा सल्ला दिला, अरुणा असफ अली मात्र त्या पोरांच्या पाठीशी राहिल्या. २३ फेब्रुवारीला संप मिटला आणि शेकडो जणांना पुढे नोकरी गमवावी लागली. त्यांची ती एकजूट अपमान गिळून आलेली नव्हती. अपमान गिळायचा नाही असे ठरवल्याने आली होती.

कणखरपणाचेच बोलायचे तर दिलीप दोंदे यांचे उदाहरण घ्यावे. गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून ते ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून एकटे निघाले आणि मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. असे करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्यामागून अभिलाष टोमी यांनी २०१२-१३ मध्ये कोठेही न थांबता तीच प्रदक्षिणा केली. त्या नौकेवर एकट्या माणसाला बुडवायला कोण होते? ‘तारिणी’वरून वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी स्त्रिया सप्टेंबर २०१७ मध्ये गोव्याहून निघून मे २०१८ मध्ये परतल्या, त्यांच्या कणखरपणावर शिक्का मारण्यास कोणा न्हाव्याची गरज पडली नाही.

उलट, जेथे हा समारंभ हाताबाहेर गेला तेथे एकजुटीऐवजी नाचक्की पदरी पडली. १९९५ साली ऑस्ट्रेलियाच्या ‘ऑन्स्लो’ या पाणबुडीवर नव्या खलाशांची जी विटंबना झाली तिचे चित्रीकरण दूरचित्रवाणीवरून साऱ्या देशाने पाहिले आणि खळबळ माजली. अमेरिकेच्या नौदलालाही त्याच दशकात नवख्यांच्या छळाविरुद्ध कडक आदेश काढावे लागले. प्रथा जुनी आहे म्हणून ती सोज्वळ राहीलच असे नाही. तिच्यावर नजर ठेवावी लागते.

आता मुद्दा संमतीचा. ‘हे सारे स्वेच्छेने चालते’ असे सांगितले जाते. शहरातल्या सुखवस्तू घरातील मुलाला नाही म्हणणे कदाचित परवडेल. पण २०२२ पासून अग्निपथ योजनेखाली भरती झालेल्या अग्निवीराची स्थिती पाहा. चार वर्षांची नोकरी, आणि त्यानंतर जास्तीत जास्त शेकडा पंचवीस जणांना कायम करण्याची तरतूद. निवड वरिष्ठांच्या मूल्यमापनावर अवलंबून. मार्च २०२३ मध्ये ओडिशातील आय. एन. एस. चिल्का येथून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत मुलीही होत्या. घरी दोन एकर कोरडवाहू, आईबाप कारखान्याच्या फडावर, आणि चार वर्षांनी आपले नाव यादीत असेल की नाही ही धास्ती. असा मुलगा, अशी मुलगी आपल्या वरिष्ठाला सर्वांदेखत ‘मला हे नको’ असे म्हणू शकेल काय? ज्या नकाराची किंमत भाकरीत मोजावी लागते त्या ठिकाणी होकाराला स्वेच्छा म्हणणे ही शब्दांची चैन आहे.

कायद्याची व्यवस्था अपुरी आहे. महाराष्ट्राने १९९९ मध्ये रॅगिंगबंदीचा कायदा केला, त्यात दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पण तो शिक्षणसंस्थांपुरता. वसतिगृहात जे कृत्य गुन्हा ठरते तेच डेकवर परंपरा ठरते. व्यापारी जहाजांसाठी २००६ चा आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार आहे. भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला, आणि जहाजावरील छळ व दांडगाई यांसंबंधीच्या दुरुस्त्या २०१९ पासून त्यात लागू झाल्या. युद्धनौका मात्र या कराराच्या कक्षेबाहेर आहेत. तेथे काय चालावे हे नौदलाच्या आदेशांवर आणि शेवटी त्या त्या कप्तानाच्या विवेकावर सोडलेले आहे.

आमची मागणी समारंभ बंद करण्याची नाही. महिनोन्‌महिने घरापासून दूर राहणाऱ्या माणसांना एक दिवस हसूखेळू द्यावे. ढोल वाजावा, सोंगे निघावीत, पाणी उडावे. पण डोळे बांधणे, घाण चारणे, अंगाला हात लावणे यांस बंदी असावी. खोट्या वैद्याच्या शेजारी खरा डॉक्टर उभा असावा. आणि जो सामील होणार नाही त्याच्या नोंदवहीत त्याचा उल्लेख येऊ नये. शक्य तर विड्याचा न्याय तेथेही लावून पाहावा : त्रिशूळ नव्या पोरांच्या हाती द्यावा, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात कप्तानाने उभे राहावे. नौदल मुख्यालयाने आणि मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाने असा आदेश सोप्या मराठीत छापून जहाजावर चढण्यापूर्वीच प्रत्येक मराठी मुलाच्या हाती द्यावा, यासाठी आपल्या लोकप्रतिनिधींनी पाठपुरावा केला पाहिजे. केज आणि अंबाजोगाईच्या भरतीपूर्व प्रशिक्षण वर्गांत धावण्याच्या वेळा आणि छातीची मापे रोज लिहिली जातात. त्याच फळ्यावर हा आदेशही लिहायला आपल्या तालुका कार्यकर्त्यांना फारसा वेळ लागणार नाही.